वारा इमारतीला पिळतो तेव्हा



उंच इमारत वाऱ्यात झुलते हे तिसाव्या-चाळिसाव्या मजल्यावर काम करणाऱ्यांना सांगायला नको. पण ती नुसती झुलत नाही, स्वतःभोवती पिळलीही जाते. स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून मला झुलण्यापेक्षा या पिळाचीच जास्त काळजी वाटते.

दार बिजागरीजवळ ढकलून बघा, हलता हलत नाही. कडेला नुसतं बोट लावलं तरी फिरतं. इमारतीलाही अशी एक न दिसणारी बिजागरी असते, तिच्या ताठपणाचं केंद्र. लिफ्ट-जिन्याभोवतीच्या भिंती एका कोपऱ्यात असल्या, तर ते केंद्रही तिकडे सरकतं. वाऱ्याचा एकूण जोर बरोब्बर त्यातून गेला तर इमारत सरळ वाकते, बाजूने गेला की पीळ पडतो. आणि वारा सरळ वागतो कुठे? तिरका येतो, शेजारच्या टॉवरला वळसा घालून येतो, कोपऱ्यांवर भोवरे सोडतो. म्हणून अगदी चौरस, समतोल इमारतही थोडी पिळतेच.

बोस्टनकरांना जॉन हॅनकॉक टॉवर माहीत असेलच (2015 पासून नाव '200 क्लॅरेंडन'). 60 मजली, 241 मीटर उंच, लांबट आणि अरुंद. 1973 मध्ये त्याच्या काचा पडू लागल्या आणि जागोजागी प्लायवूड ठोकावं लागलं. इमारत पिळली म्हणून काचा गेल्या, असं अजून ऐकू येतं. तसं नव्हतं. दोष दुहेरी काचांच्या शिशाच्या जोडात होता. सगळ्या 10,344 काचा बदलल्या.

पण पिळाचा प्रश्न खरा होताच. वरच्या मजल्यांवर लोकांना मळमळलं असतं. विल्यम लेमेझर या इंजिनियरने 58व्या मजल्यावर दोन टोकांना 300-300 टनांची वजनं बसवली, तेलाच्या थरावर सरकणारी, स्प्रिंगने बांधलेली. इमारत झुलली की दोन्ही वजनं एकाच दिशेने जोर लावतात, पिळली की एकमेकांच्या उलट.

गंमत पुढेच आहे. ब्रूनो थ्युर्लिमान या स्विस तज्ज्ञाने पुन्हा हिशेब केला, तेव्हा कळलं की खरा धोका लांबीच्या दिशेने कोसळण्याचा आहे, म्हणजे जी दिशा सगळे भक्कम समजत होते तीच! मग सुमारे 1,500 टन पोलादाचे तिरके आधार घातले.

हे सगळं सांगायचं कारण, आपल्यापैकी बरेच जण मुंबईत टॉवरमध्ये फ्लॅट घेतात. बिल्डरला स्विमिंग पूलबद्दल जरूर विचारा, पण विंड टनेल चाचणी झाली का, आणि मॉडेलभोवती शेजारचे होऊ घातलेले टॉवरही ठेवले होते का, हेही विचारा. आज मोकळ्या असलेल्या प्लॉटवर उद्या टॉवर उभा राहिला की तुमच्या इमारतीवरचा वारा बदलतो. आधी विचारलेलं बरं.