शिलाई मशिनीपाशी ऐकलेली पुस्तकं

साडीला फॉल लावताना डोळे आणि बोटं अडकलेली असतात, मन मात्र रिकामं असतं. काठाच्या आतून बारीक टाका घालत जायचं, वरून दोरा दिसू द्यायचा नाही, एवढंच पथ्य. सवयीच्या हातांना तेही सांगावं लागत नाही. लग्नसराईत अशा साड्यांचा ढीग पडतो आणि सांगलीतल्या माझ्या छोट्या दुकानात सकाळी सुरू झालेला दिवस रात्रीपर्यंत लांबतो. या लांब दिवसांनीच मला वाचनाला लावलं, तेही कानांनी. पुस्तक उघडून बसायचं तर दोन्ही हात त्याला द्यावे लागतात, आणि आमचं पोट हातांवरच आहे. म्हणून कामात ऑडिओबुक किंवा पॉडकास्ट ऐकणं म्हणजे नुसता विरंगुळा, असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. हातानं काम करणाऱ्यांनी पुस्तकापर्यंत काढलेली ती वाट आहे, आणि ती फोनपेक्षा कितीतरी जुनी आहे.

क्यूबाच्या हवाना शहरात 1865 साली ‘एल फिगारो’ नावाच्या सिगार कारखान्यात कामगारांनी एक पद्धत सुरू केली. सोलापूरच्या विडी कामगार बायका जशा मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास विड्या वळतात, तसेच तिथले कामगार ओळीनं बसून सिगार वळत. हात चालू, तोंड बंद. त्यांच्यासमोर एक वाचक बसू लागला. सकाळी तो वर्तमानपत्र वाचायचा, पुढे कादंबरी. पाठोपाठ पार्तागास कारखान्यातही वाचन सुरू झालं आणि वाचकासाठी उंच बैठक आली. वळणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना अक्षरओळख नव्हती, पण अलेक्झांडर द्यूमा आणि व्हिक्टर ह्यूगो त्यांना ठाऊक होते. ‘मॉन्टेक्रिस्टो’ या सिगारचं नाव द्यूमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’वरून पडलं, ते या वाचनामुळेच असं सांगतात. वाचन आवडलं की कामगार पानं कापायची सुरी समोरच्या फळीवर ठोकून दाद देत.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पैशाची. वाचकाचा पगार मालक देत नव्हता. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून तो भागवत, आणि म्हणूनच कोणतं पुस्तक लावायचं ते मत घेऊन स्वतः ठरवत. हे सत्तेला रुचलं नाही. 1866 मध्ये स्पॅनिश सरकारनं कारखान्यांतल्या वाचनावर बंदी घातली. बंदी टिकली नाही. स्थलांतर करून गेलेल्या क्यूबन कामगारांनी हीच चाल अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पापर्यंत नेली. तिथल्या मालकांनी 1931 मध्ये वाचकांना काढून टाकलं, तेव्हा कामगारांनी संप केला. क्यूबात मात्र कारखान्यांतले वाचक आजही वाचतात. 2012 मध्ये त्या देशानं ही परंपरा राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केली.

आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बाईला कुणी वाचून दाखवणारं नव्हतं. तिनं स्वतःच ओवी रचली आणि समोरच्या खुंट्याला हात घालणारीनं ती ऐकली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकारानं गावोगावच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी आज बायकांच्या स्वतःच्या आवाजात ऐकता येतात. दळण विजेच्या गिरणीवर गेलं आणि ते गाणं थांबलं.

आईच्या पिढीची सोबत रेडिओनं केली. 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली. मुंबई आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी हे तर घरचेच झाले होते. पण भाकरी तव्यावर असताना एखादं वाक्य निसटलं तर ते गेलंच. आता फोनवर बोट ठेवलं की आवाज थांबतो आणि गिऱ्हाईक गेलं की तिथूनच पुढे सुरू होतो. आमच्या धंद्यात, जिथे दर थोड्या वेळानं कुणीतरी पायरी चढून येतं, तिथे कादंबरी ऐकणं या एका सोयीमुळे जमतं.

कोणत्या कामाला काय लावायचं, हे मात्र ठरवावं लागतं. माप घेताना, कापडावर खडूनं आखताना आणि कात्री चालवताना आमच्या दुकानात आवाज पूर्ण बंद. याला कारण आहे. छाती छत्तीस, बाही दहा, गळा मागून नऊ, हे आकडे आपण मनातल्या मनात बोलूनच धरून ठेवतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये स्मृतीची जी मांडणी केली, तिच्यात मनात शब्द घोळवत ठेवायला एक छोटी, मोजकीच जागा आहे. कानावर पडणारं बोलणंही त्याच जागेत शिरतं. त्यामुळे आकडे, हिशेब, लिहिणं-वाचणं यांच्या बरोबरीनं कुणाचं बोलणं ऐकायला गेलं की दोन्हींची ओढाताण होते. उलट, अंगवळणी पडलेल्या हातकामाला शब्द लागत नाहीत. ती जागा मोकळी असते आणि गोष्ट तिथे निवांत बसते. कारकुनी करणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, आम्हाला ऐकताना काम सुधरत नाही. त्यांचं काम शब्दांचं आहे, दुसरं काय होणार?

फॉल, काजं, हुक, गळ्याच्या पायपीनची हातशिलाई, या कामांना मी लांब कादंबरी लावते. मशीन चालू असली की मोटरीच्या आवाजात अधली-मधली वाक्यं जातात, बॉबिन संपते, दोरा तुटतो. तेव्हा कादंबरी नको. तेव्हा गप्पांचे पॉडकास्ट लावायचे, किंवा बीबीसी मराठीच्या ‘सोपी गोष्ट’सारखं एकच विषय समजावून सांगणारं काही. एक वाक्य हुकलं तरी धागा सापडतो. संध्याकाळी पाठ भरून आली की शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांचं कथाकथन. ‘धिंड’ कितीही वेळा ऐकली तरी आम्ही हसतोच, आणि हसल्यावर उरलेल्या ब्लाऊजांचा ढीग जरा कमी वाटतो.

स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी 2017 मध्ये भारतात आली ती सुरुवातीपासून मराठी पुस्तकं घेऊनच. त्यानं फार मोठी सोय झाली. पण दर महिन्याचे पैसे परवडत नसतील तर जुन्या पुस्तकांकडे वळावं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांसाठी खुलं होतं. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणजे 2011 पासून त्यांचं लेखन कुणीही वाचून ध्वनिमुद्रित करू शकतं. यूट्यूबवर ‘श्यामची आई’ फुकट मिळते.

हे पुस्तक ऐकण्यासाठीच आहे, असं माझं ठाम मत झालंय. गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि त्याची प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. सांगणाऱ्याचा श्वास त्या वाक्यांत आहे, तो डोळ्यांनी वाचताना मला कधी जाणवला नव्हता. आंघोळ झालेल्या श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई ओचे पसरते, तो भाग लागला तेव्हा आमच्याकडची धाकटी मदतनीस म्हणाली, “ताई, थांबवा जरा. ओचे म्हणजे नऊवारीत नेमके कुठं?” ती शिवलेल्या नऊवाऱ्या भराभर तयार करते, पण नेसायच्या नऊवारीचा घोळ तिनं कधी हातात घेतला नव्हता. मी टेबलावरचं लुगडं कमरेला धरून दाखवलं: पुढे खोचलेला हा सगळा भाग, तो सोडून दगडावर अंथरला. तिनं तो भाग पुन्हा लावायला सांगितला. मी शिवणकाम शिकवून जे तिला दाखवू शकले नसते, ते त्या पुस्तकानं दाखवलं.

कानांची काळजी घ्यायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास, एवढी मर्यादा सांगते. आवाज फक्त 3 डेसिबलनं चढला तरी सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. मशिनीवर मात करायला कानातल्या इअरफोनचा आवाज चढवत नेणं म्हणूनच वाईट. आम्ही साधा स्पीकर मध्ये ठेवतो आणि मशीन फार वाजायला लागली की गोष्ट थांबवतो. वेग वाढवून ऐकायची चाल मला गोष्टींसाठी मुळीच मान्य नाही. बातम्या ऐका पळत पळत. मिरासदारांच्या दोन वाक्यांमधली शांतता कापली तर उरतं काय?

दुकानात आम्ही तिघी आहोत. वर्गणी तिघींची, म्हणून मतंही तिघींची. सध्या दोघींना नारायण धारपांची भयकथा हवी आहे आणि मी एकटी पडले आहे, तेव्हा धारपच लागणार. ऐकायला मिळत नाही असंही पुष्कळ आहे. गावाकडच्या कादंबऱ्या त्या मातीतल्या आवाजात वाचलेल्या फार थोड्या सापडतात, कोल्हापूरकडचं पात्र शहरी सुरात बोललं की आमचे कान ताठ होतात. आणि आमच्या कामाची गोष्ट तर कुणी सांगतच नाही. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी शेजारच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. त्या मागांवरचं सुती कापड आम्ही आयुष्यभर कापत आलो. त्या गावाची, मागाशी उभ्या राहणाऱ्या माणसांची, सुताच्या भावाची गोष्ट कुणी नीट अभ्यास करून दहा-बारा भागांत मराठीत सांगितली, तर त्यासाठी जास्तीची वर्गणी काढायला आम्ही तिघी आजच तयार आहोत.