मोटर ‘जळली’ म्हणण्याआधी

सुतारकामाच्या वर्कशॉपमधली जुनी सिंगल फेज मोटर बटण दाबल्यावर नुसती गुणगुणली, फिरली नाही, की निकाल लागतो: ‘वाइंडिंग गेलं.’ मोटर रिवायंडिंगला जाते आणि पुष्कळदा धडधाकट तांबं उपसलं जातं.

मोटर गुणगुणते, याचा अर्थ मुख्य वाइंडिंगमधून वीज वाहते आहे. पण सिंगल फेजमध्ये त्या एकट्या वाइंडिंगचं चुंबकीय क्षेत्र नुसतं कमीजास्त होत राहतं, फिरत नाही. उभा रोटर त्याने सुटत नाही. तो सुटावा म्हणून दुसरं, स्टार्टिंगचं वाइंडिंग असतं. त्याच्या जोडीला कपॅसिटर आणि बहुतेक जुन्या मोटरींत मागच्या कव्हरात सेंट्रिफ्युगल स्विच. मोटरने साधारण पाऊण वेग गाठला की हा स्विच उघडतो आणि स्टार्टिंगचं वाइंडिंग बाजूला पडतं. लाकडाचा भुसा या स्विचच्या पॉइंटांमध्ये जाऊन बसला, की मोटर गुणगुणतच राहते. पॉलिश पेपर फिरवून काम भागतं, नाहीतर कपॅसिटर बदलून. तिसरी शक्यता जाम बेअरिंगची. ती प्लग काढून शाफ्ट हाताने फिरवला की कळते. उलट स्विच चिकटून उघडलाच नाही, तर मात्र काही सेकंदांसाठी बनवलेलं स्टार्टिंगचं वाइंडिंग खरोखरच जळतं. गुणगुणणारी मोटरही चालू ठेवून विचार करत बसू नये.

‘कार्बन संपले असतील’ हेही नेहमी ऐकू येतं. हँड ड्रिलला कार्बन असतात. या इंडक्शन मोटरला नसतातच. आणि मोठा कपॅसिटर टाकल्याने ताकद वाढत नाही. सतत जोडलेला रनिंग कपॅसिटर गरजेपेक्षा मोठा असला, तर वाइंडिंगमधून जादा करंट जाऊन ते तापतं. स्टार्टिंगचा कपॅसिटर रनिंगच्या जागी लावला तर तो फुटू शकतो.

‘प्लग काढला, आता भीती नाही’ हा समज सर्वांत धोक्याचा. कपॅसिटर चार्ज धरून ठेवतो. त्याच्या दोन टोकांना आधी बल्ब जोडून तो रिकामा करावा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची मर्दुमकी नको.

उघडताना कव्हर आणि बॉडीवर पंचाने खुणा कराव्यात: पुढे एक टिंब, मागे दोन. वायरींचा फोटो काढावा. बेअरिंग पुलरने निघतं. नवं बसवताना दाब आतल्या रिंगवर, पाइपच्या तुकड्याने द्यावा. बाहेरच्या रिंगवर हातोडी घातली की गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. ग्रीस ठासून भरणंही तितकंच वाईट: आतल्या मोकळ्या जागेचा तिसरा ते अर्धा हिस्सा पुरे, जास्त झालं तर घुसळून तापतं. दोन्ही बाजूंनी सीलबंद बेअरिंगमध्ये तर ग्रीस भरायचंच नसतं.

हात ठेववत नाही म्हणजे मोटर जळायला आली, असंही नाही. 60 अंशांनाच हात पोळतो. बी क्लासचं इन्सुलेशन 130 अंशांपर्यंत आणि एफ क्लासचं 155 पर्यंत टिकतं. जळका वास आला तर गोष्ट वेगळी.

मेगरवर विश्वास ठेवावा, पण बेताने. 500 व्होल्टचा मेगर वाइंडिंग आणि बॉडी यांमधलं इन्सुलेशन तपासतो. एकाच कॉइलचे शेजारचे दोन फेरे आपसात चिकटले असतील, तर तो चांगलाच आकडा दाखवील. शिवाय पावसाळाभर पडून राहिलेल्या मोटरचा आकडा ओलीमुळे खाली येतो. आत बल्ब ठेवून ती वाळवावी आणि मगच पुन्हा मोजावं.

आता उरली ती खरोखर जळालेली मोटर. ‘रिवाइंड केलेली मोटर पहिल्यासारखी राहत नाही’ हे अर्धंच खरं आहे. दोष बहुतेकदा जुनं तांबं काढण्याच्या पद्धतीत असतो. स्टेटर उघड्या आगीत बेहिशेबी तापवला, की पत्र्यांमधला इन्सुलेशनचा थर जळतो, त्यांच्यात प्रवाह फिरू लागतात आणि मोटर विनाकारण तापते. दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत: जुनं तांबं कसं काढणार, आणि फेरे व तारेचा गेज मोजून लिहून ठेवले का?