महाधनेशाची ढोली आणि आहार: काही रूढ समजुती

पश्चिम घाटातील सदाहरित अरण्यांपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आणि पुढे सुमात्रा बेटापर्यंत आढळणाऱ्या महाधनेशाविषयी सर्वांत रूढ समजूत अशी की, विणीच्या काळात नर मादीला झाडाच्या ढोलीत कोंडून घालतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. मादी स्वतःच ढोलीत शिरते, मुख्यतः आपली विष्ठा आणि अन्नाचे अवशेष चोचीने थापून ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते आणि चोच बाहेर निघेल एवढी उभी फट तेवढी मोकळी ठेवते. १ किंवा २ अंडी सुमारे ४० दिवस उबवत असतानाच तिची उड्डाणपिसे, म्हणजे पंखांची लांब पिसे, गळून नवी येत असल्याने हा बंदोबस्त तिच्याच सोयीचा ठरतो. या व्यवस्थेत कोणी जखडला गेलाच असेल, तर तो नर होय. कारण गळ्यात साठवून आणलेली उंबरे तो एकेक करून वर काढतो, चोचीच्या टोकाशी आणतो आणि फटीतून आत देतो, आणि हा क्रम अनेक आठवडे अखंड चालतो.

महाधनेश केवळ फळांवर जगतो, ही समजूत अर्धसत्य आहे. वड, उंबर, नांद्रुक अशी अंजीरवर्गीय झाडे निरनिराळ्या वेळी फळत असल्यामुळे जंगलात त्यांची फळे बहुधा बारमाही मिळतात आणि तोच त्याचा मुख्य आहार असतो. तथापि सरडे, साप, लहान पक्षी, उंदीर आणि कीटकही तो खातो, विशेषतः पिल्ले वाढत असताना. केरळात तो चातकाप्रमाणे पावसासाठी तहानलेला मानला जातो, परंतु रसाळ फळांतूनच त्याची पाण्याची बहुतेक गरज भागते.

झाडी असेल तेथे धनेश राहील, हा समज मात्र निरुपद्रवी नाही. सुताराप्रमाणे ढोली कोरणे या पक्ष्याला साधत नाही. फांदी मोडून, खोड कुजून आपोआप तयार झालेली आणि एवढा मोठा पक्षी मावेल अशी पोकळी त्याला लागते, व ती जुन्या, प्रचंड घेराच्या वृक्षांतच सापडते. रबर किंवा सागाच्या एकसुरी लागवडीत अशी पोकळी नसते, तर नैसर्गिक जंगलातील पोकळ खोडाचा वृक्ष निकामी ठरवून आधी तोडला जातो.