जयंतीकाठचं थिजलेलं वऱ्हाड

जयंतीला नदी म्हणावं की ओढा, हा प्रश्न पावसाळा सरला की कुणालाही पडेल. बालाघाटाच्या माथ्यावरचं हे पाणी. पाऊस झाला तर वाहतं, नाहीतर डबक्यांपुरतं उरतं. पुलावरून जाणारा खाली वाकून बघत नाही. पण अंबाजोगाई वसली ती याच काठानं. निजामाच्या काळात गाव मोमिनाबाद झालं, इथं घोडदळाची छावणी पडली. पुढं मोमिनाबादचं अंबाजोगाई झालं. नदी जयंतीच राहिली. कुणी तिला जीवंतीही म्हणतं.

गावाच्या कडेला, याच जयंतीलगत शिवलेणी आहे. गावात मात्र 'हत्तीखाना' हेच नाव चालतं. लांबून काहीच दिसत नाही, कारण हे लेणं डोंगराच्या अंगावर नाही, जमिनीत उतरत काळ्या खडकात कोरलेलं आहे. आत गेलं की मोकळं अंगण, मधोमध नंदीमंडप, दगडी हत्ती आणि पलीकडे खांबांचा प्रशस्त मंडप. अंगणात उन्हं तापतात, मंडपात गारवा असतो.

हे हत्ती कुठून आले, ते लोककथा सांगते. कोकणातल्या योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं. वऱ्हाड इथवर आलं आणि मुहूर्त टळला. वऱ्हाडाचे दगड झाले, देवी कुमारीच राहिली आणि माहेरी न परतता इथंच थांबली. परळी इथून जेमतेम 25 किलोमीटर! इतक्या जवळ येऊन मुहूर्त चुकवणारं वऱ्हाड आपल्याला काही अनोळखी नाही. कोकणस्थांच्या कित्येक घराण्यांची कुलदेवता घाटावर इतकी आत कशी, याचं उत्तर ही गोष्ट आपल्या परीनं देते.

शके 1110 मध्ये 'विवेकसिंधू' लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी गावाबाहेरच्या दरीत आहे. संतकवी दासोपंतही इथंच राहिले. त्यांना कागद पुरला नाही की काय कोण जाणे, 'पंचीकरण' त्यांनी सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडी पासोडीवर लिहून काढलं.

देवीच्या दर्शनाला आलेली बहुतेक मंडळी ओटी भरून परळीची गाडी धरतात. तासभर हत्तीखान्यासाठी ठेवा. मार्गशीर्षातल्या उत्सवात गर्दी असते, पण जयंतीला पाणी असेलच असं नाही. भाद्रपदात या, आणि पुलावर थांबून खाली बघा.