‘का’ची नोंद

सॉफ्टवेअर माणसं लिहितात आणि माणसं नोकऱ्या बदलतात. आज्ञावली संगणकात राहते. ती तशी का लिहिली, हे मात्र लिहिणाऱ्याबरोबर निघून जातं. मी कवितेतला माणूस. वहीत खोडलेला शब्द दिसतो, तो का खोडला हे पुढे कवीलाही आठवत नाही. कवितेचं त्यानं अडत नाही. यंत्राचं अडतं.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातल्या कुरू इथून युरोपचं ‘एरियान-५’ रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि मिनिटभरातच फुटलं. आत माणूस नव्हता, पण चार वैज्ञानिक उपग्रह गेले. काय झालं होतं? दिशा मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर आधीच्या ‘एरियान-४’मधून घेतलेलं, चांगलं चाललेलं होतं. त्यात काही मोठ्या संख्या १६ बिटांच्या लहान खणात बसवल्या जात. अशा ७ संख्या धोक्याच्या होत्या. संगणकावरचा भार मर्यादेत ठेवायचा म्हणून चारांनाच संरक्षण दिलं. उरलेल्या तीन इतक्या वाढणारच नाहीत, असं धरलं. जुन्या रॉकेटपुरतं ते खरं होतं. नव्याचा आडवा वेग लवकर वाढला, संख्या खणात मावेना. राखीव संगणकातही तेच सॉफ्टवेअर. तोही तसाच बंद पडला.

गणितज्ञ जाक-लुई लिओन्स यांच्या समितीनं चौकशी केली. तीन संख्या मोकळ्या सोडण्याचा निर्णय संबंधितांनी मिळून घेतला होता. पण त्याचं कारण आज्ञावलीत कुठंच नव्हतं. ते कागदांच्या ढिगात दडलं होतं.

मित्रहो, यावर उपाय आधीपासून शोधला जात होता. अमेरिकेत १९७६ मध्ये नासाचं गोडार्ड केंद्र, मेरीलँड विद्यापीठ आणि एक संगणक कंपनी यांनी मिळून सॉफ्टवेअरची एक प्रयोगशाळा काढली. तिथल्या कामातून प्राध्यापक व्हिक्टर बासिली यांनी ‘अनुभवाचा कारखाना’ ही कल्पना मांडली. काम करणाऱ्यांच्या मागे मुदतीचा तगादा असतो. नोंदी ठेवायला त्यांना उसंत कुठली? म्हणून त्यासाठी वेगळी माणसं नेमायची. वेळेचा अंदाज किती होता, लागला किती, चुका कुठं आणि कशामुळे झाल्या, हे त्यांनी गोळा करायचं, पाखडायचं आणि पुढच्या चमूला वापरता येईल अशा रूपात द्यायचं.

आज अनेक चमू निर्णयाचं छोटं टिपण आज्ञावलीशेजारीच ठेवतात: काय ठरवलं, कोणते पर्याय सोडले आणि का. त्यात आणखी एक ओळ हवीच: हे कुठवर खरं आहे? एरियानच्या आज्ञावलीत तेवढी एक ओळ असती, तर नव्या रॉकेटवर ती चढवताना कुणीतरी थांबून विचारलं असतं.