गोवऱ्यांच्या आरावरचे रोडगे

बाभुळगावकडच्या शेतात रोडग्यांचा स्वयंपाक ठरला की मी आधी गोवऱ्या पाहतो, कणीक नंतर! गोवऱ्या खडखडीत वाळलेल्या हव्यात. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या भपकन पेटतात आणि लगेच विझतात, त्यामुळे त्या फक्त पेटवणासाठी. गोवरी मात्र सावकाश जळते आणि तिचा आर, म्हणजे निखारे, बराच वेळ टिकतो. जाळ आणि धूर पूर्ण संपेपर्यंत थांबायचंच, कारण जाळावर रोडगा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो.

गव्हाचं पीठ जाडसर दळलेलं घ्या. त्यात मीठ, ओवा, हळद आणि तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवा. छोट्या पुऱ्या लाटून तेल लावा, तीन-चार एकावर एक ठेवा आणि कडा मिटून गोळा वळा. खरी गंमत या पदरांत आहे. बिहारची लिट्टी, राजस्थानची बाटी याच कुळातली, पण पदर सुटलेल्या रोडग्याची सर मला कशालाच वाटत नाही.

आर पसरून गोळे फिरवत शेका, मग गरम राखेत झाका. आकारानुसार अर्धा-पाऊण तास लागतो. राख फडक्यात घोळून झाडायची, रोडगा फोडून तूप सोडायचं. सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी हवीच.

विदर्भात नवसालाही रोडगे होतात. संत एकनाथांच्या भारुडातही भवानीला रोडगाच वाहण्याचा नवस बोलला जातो.

चूल वाळलेल्या गवतापासून आणि उभ्या पिकापासून लांब मांडा. निघताना राखेवर पाणी ओतून ती उकरून बघा. गोवरीचा निखारा आत तासन्‌तास धुमसतो.