छापील वेगाच्या पुढे

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा छापील वेग ३०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३० कोटी ठोके. हौशी लोकांनी मात्र तो बघता बघता ४५० वर पळवला आणि कितीतरी महाग असलेल्या पेंटियम टू ४५० च्या जवळपास नेऊन ठेवला. ओव्हरक्लॉकिंगच्या इतिहासात इतकं निखळ उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

त्यामागचं गणित शाळकरी आहे. मदरबोर्डवरच्या बसचा वेग गुणिले प्रोसेसरचा गुणक, म्हणजे प्रोसेसरचा वेग. इथे गुणक ४.५ वर कुलूपबंद होता, पण बस मोकळी होती. ती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की झाले ४५०. अबिटच्या बीएच६ सारख्या मदरबोर्डवर त्यासाठी जंपर काढत बसावं लागत नसे. बायोसच्या पडद्यावर आकडा निवडला की काम होई.

पण चिपला हे झेपलं कसं? प्रत्येक ठोक्यात विजेचे संकेत ट्रान्झिस्टरांच्या लांबलचक साखळीतून जाऊन पुढचा ठोका पडण्याआधी स्थिर व्हावे लागतात. ३०० मेगाहर्ट्झला त्यासाठी सुमारे ३.३ नॅनोसेकंद मिळतात, ४५० ला जेमतेम २.२. एकाच तबकडीतून कापलेल्या चिपांमध्येही काही चपळ निघतात, काही मंद. कारखाना त्या तपासून प्रतवारी लावतो. आणि स्वस्त मालाला मागणी असली की चपळ चिपांवरही कमी वेगाचाच शिक्का बसतो. शिवाय ३००ए ची १२८ किलोबाइटची कॅश त्याच सिलिकॉनवर, पूर्ण वेगाने चालणारी होती. वेग वाढवल्यावर मागे पडतील अशा वेगळ्या कॅश चिपा तिथे नव्हत्याच.

छापील वेग हे कंपनीचं वचन असतं: धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये, काही वर्षं वापरल्यावरही चिप तेवढी धावेल. त्यासाठी राखून ठेवलेली ताकद ओव्हरक्लॉकर आजच खर्च करतो. ती संपली की व्होल्टेज वाढवायचा मोह होतो, आणि खरा धोका तिथे आहे. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले तर उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. जास्त व्होल्टेज चिपला हळूहळू झिजवतंही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर झाले, त्यामागे हीच झीज होती. २०२४ मध्ये कंपनीला मायक्रोकोड बदलून व्होल्टेजला लगाम घालावा लागला. आजचे प्रोसेसर तसेही गरजेनुसार स्वतःच वेग वाढवतात, त्यामुळे आपल्या हाती उरतं थोडंच.

तरीही करायचं असेल तर वेग थोडा थोडा वाढवावा आणि दर वेळी तापमान बघावं. संगणक बंद पडला तर निदान चूक कळते. तो चालू राहून चुकीची उत्तरं देऊ लागला तर एखादी फाइल गुपचूप बिघडते. म्हणून प्राइम९५ वापरतात. मूळचा हा प्रोग्रॅम प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. त्याच्या चाचणीत उत्तरं आधीच ठाऊक असतात, त्यामुळे गणित कुठे घसरलं ते लगेच पकडलं जातं. आणि पंख्याचा कूलर चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. नागपूरच्या माणसाने ही चाचणी मे महिन्यातल्या दुपारी घ्यावी. जानेवारीत स्थिर वाटलेला वेग तेव्हा टिकेलच असं नाही.